ऐंशी, ऐंशी

उड्डाणशाळेत एक विमान असं होतं की ते जन्मात कधी जमिनीवरून उठलं नव्हतं, आणि तरी मुलांना सगळ्यात जास्त घाम त्यानेच फोडला होता. मागच्या अंगाला जुनी भांडारखोली होती, तिथे ते बसवलेलं. दोन खुर्च्या, दोन सुकाणू, गोल तबकड्यांनी भरलेला फळा, समोर अर्धगोल पडदा आणि वर एक छप्पर. कागदोपत्री त्याला सिम्युलेटर म्हणत, पण कागद वाचतो कोण? सगळे त्याला पेटी म्हणायचे. "आज माझी पेटी आहे," असं सांगताना मुलांचा चेहरा दाढ काढायला निघालेल्या माणसासारखा असायचा.

या पेटीचं दुखणंखुपणं ताई बघायची. अंबाड्यात कायम टेस्टर खोचलेला, म्हणून मुलं तिला पाठीमागे टेस्टरताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला राग यायचा तो पेटीत बसून चहा पिणाऱ्यांचा. एकदा कुणीतरी सुकाणूच्या बुडात अर्धा कप सांडला होता, तर तिने त्या पठ्ठ्याला कापूस आणि स्पिरिट देऊन दुपारभर बसवलं होतं. पुढे तो मुलगा चांगला वैमानिक झाला, पण चहा सुटला तो सुटलाच.

त्या दिवशी ताई आली होती ती एका दिव्यासाठी. इंजिनचे फेरे दाखवणारी जी तबकडी असते, तिच्यामागचा बारका दिवा गेला होता. नखाएवढा दिवा, पण तो बदलायला अर्धा फळा उघडावा लागतो. मान वाकडी करकरून तिने तो बसवला, इंजिन चालू केलं, म्हणजे पेटीतलं खोटं इंजिन, जे स्पीकरमधून गुरगुरतं. मग काट्याची सावली कशी पडते ते बघावं म्हणून तिने काटा जरा हलवायचं ठरवलं. काटा हलवायचा सोपा उपाय म्हणजे इग्निशनची किल्ली. तिने किल्ली एका मॅग्नेटोवर नेली. काटा हलला नाही. दुसऱ्यावर नेली. काटा आपला जागच्या जागी, जेवून बसलेल्या पाहुण्यासारखा.

आता नवख्याला वाटेल, वा, काय इंजिन आहे, किल्ली फिरवली तरी ढिम्म. तसं नसतं. या छोट्या विमानांच्या इंजिनात ठिणगी पाडणारे दोन मॅग्नेटो असतात, एक उजवा, एक डावा. दोघं मिळून काम करतात. उडण्याआधी किल्ली फिरवून एकेकाला गप्प करून बघायचं असतं, की दुसरा एकटा भार पेलतो का. दोन भावांनी कपाट उचललंय असं समजा. एकाने हात काढला की दुसऱ्याच्या खांद्यावर वजन येणार, तो थोडा वाकणार. फार वाकला तर तो आजारी आहे. पण अजिबातच वाकला नाही, तर पहिल्याने हात काढलेलाच नाही. म्हणजे किल्लीने सांगितलं "गप्प बस," आणि मॅग्नेटोने ऐकलंच नाही. असं इंजिन किल्ली काढून खिशात टाकली तरी आतून जागं राहतं, आणि कुणी बाहेरून विमानाच्या नाकावरचा पंखा नुसता हाताने फिरवला तरी उसळू शकतं.

खऱ्या विमानात हा वाकण्याचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती फेरे घटले तो, दर वेळी वेगळा येतो. हवा कशी आहे, इंजिन तापलंय किती, त्याच्यावर ते. पेटीत मात्र तो नेहमी ऐंशी यायचा. ज्याने पेटीचा प्रोग्राम लिहिला त्याने एकदा ऐंशी घातले आणि तो घरी गेला. उजवा ऐंशी, डावा ऐंशी, उन्हाळा असो की पावसाळा. त्यामुळे शाळेत ते एक पालुपदच होऊन बसलं होतं. किल्ली फिरवायची आणि म्हणायचं, "ऐंशी." परत फिरवायची, "ऐंशी." मागे टेबलाशी बसलेले मोठे सर त्यावर मान हलवणार, खूण करणार, की पुढची तपासणी. मैदानावर दोन मुलं भेटली आणि एकाने विचारलं, "काय, कसं काय?" तर दुसरा म्हणणार, "ऐंशी, ऐंशी." म्हणजे सगळं झकास.

तर तो ऐंशीचा काटा हलत नव्हता. ताईने आधी किल्लीवर संशय घेतला, कारण दिवसभर सगळ्यांचे हात तिच्यावरच पडतात. मागून उघडून मीटर लावला. प्रत्येक खटक्याला मीटर मुकाट्याने पीं करत होता. किल्ली निर्दोष. मग संगणकाच्या कार्डाला तारेचा एक तुकडा थेट जोडून बघितला, तर काटा गुणी बाळासारखा ऐंशीने खाली आला. कार्डही निर्दोष. म्हणजे चोर या दोघांच्या मधे होता, जमिनीखालून जाणाऱ्या केबलमधे. ती पालथी पडली आणि बोटांनी केबल चाचपत सुकाणूच्या दांड्यामागून खुर्चीच्या पायाशी आली. तिथे नव्या गालिच्याची कड दाबायला पत्र्याची पट्टी ठोकली होती. पट्टीवरचे सगळे स्क्रू सरळ, एकच तिरका. तो बरोबर केबलच्या पोटात घुसला होता.

इंजिन चालू करायची तार वेगळी, म्हणून ते चालू व्हायचं. आणि बंद करताना पोरं आधी इंधन तोडतात, किल्ली नंतर फिरवतात, म्हणून ते बंदही व्हायचं. कुणालाच काही कळण्यासारखं नव्हतं. कळण्याची जागा एकच होती, तो काटा, आणि तो बघायचं ज्यांचं काम होतं ते रोज ऐंशी, ऐंशी म्हणत होते.

ताई गालिच्यावरच बसून राहिली. पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती अशी, की रोज सकाळी पेटीची फेरी तीही मारते. दिवे बघते, पडदा बघते, इंजिन लावून बघते. किल्ली मात्र ती फिरवत नव्हती. म्हणायची, पोरं दिवसभर फिरवतातच की. घ्या. आपल्याच घरचा कुत्रा, भुंकला नाही तर बोंबलायचं कुणाच्या नावाने?

दुसरी गोष्ट मात्र जिव्हारी लागणारी होती. गालिचा टाकला तेव्हा पेटी दोन दिवस बंद होती, आणि ती उघडल्यावर पहिल्याच दिवशी तिच्या धाकट्या भावाची इग्निशनची तपासणी झाली होती. याची तिला पक्की खात्री होती, कारण त्या दिवशी घरी येऊन त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. नवा गालिचा म्हणून सरांनी बूट बाहेर काढायला लावले आणि याच्या मोज्याला अंगठ्याशी भलंमोठं भोक. "सरांसमोर माझा अंगठा हसत होता," असं म्हणत त्याने आईवर राग काढला होता, जणू भोक आईने पाडलं. आणि मग सांगितलं होतं, की बाकी सगळं फर्स्ट क्लास, इग्निशन पास, आता एकट्याने उडायचं तेवढं राहिलं.

ते एकट्याने उडणं परवावर आलं होतं. आणि परवा नाही तर लवकर नाहीच, कारण एकट्याने उडायला द्यायचं शाळेचं ते एकच विमान त्यानंतर इंजिन उतरवायला कारखान्यात जाणार होतं. धाकट्याने हे शिक्षण आधी एकदा सोडून दिलं होतं. "माझ्याच्याने होत नाही," म्हणून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याला उठवून परत मैदानावर नेलं ते मामाने. आता परत खीळ बसली तर पठ्ठ्या टिकेल की नाही, हे ताईला सांगता येत नव्हतं.

मामा म्हणजे आईचा भाऊ. मैदानावर विमानं ढकलणं, चाकांना ठोकळे लावणं, काचा पुसणं ही मामाची कामं. वडील गेल्यावर या दोन्ही पोरांना त्यानेच मैदानाच्या वासाची सवय लावली. विमान उतरलं की मामा ओलं फडकं घेऊन पंख्याशी जायचा, कारण उडताना पात्यांवर किडे चिकटतात आणि ते वाळले की निघत नाहीत. वरचं पातं पुसून झालं की पंखा हाताने अर्धा फिरवायचा, खालचं वर आणायचं, आणि तेही पुसायचं. कधीकाळी कुणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं, की हात घालण्याआधी वैमानिकाला विचारत जा. मामा आज्ञाधारक. तो प्रत्येकाला विचारायचा, "किती?" आणि उतरणारं पोरगं म्हणायचं, "ऐंशी, मामा." की मामाचा हात पंख्यावर. किती म्हणजे काय आणि ऐंशी म्हणजे काय, हे त्याला ना कुणी सांगितलं ना त्याने विचारलं. दारावर टकटक केली आणि आतून "या" आलं, एवढंच त्याच्या लेखी.

ताईने टेस्टर अंबाड्यातून काढला, स्क्रूच्या डोक्यावर टेकवला, आणि परत खोचून ठेवला. एक स्क्रू उपटायचा, तार जोडायची, वर चिकटपट्टी. चहा निवायच्या आत होण्यासारखं काम. तोंड बंद ठेवलं तर या कानाचं त्या कानाला कळणार नव्हतं. मनातल्या मनात तिने ते काम दोनदा करूनही टाकलं. पण हात काही पुढे जाईना.

संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तिने धाकट्याला बोलावून घेतलं. म्हणाली, परवा एकटा जाणार आहेस, बस एकदा, हात फिरव. तो खुशीत होता. बूट बाहेर काढले, आज मोजे नवे होते आणि ते त्याने मुद्दाम दाखवलेही. खुर्चीत बसून त्याने एकेक गोष्ट अशी झरझर केली की बघत राहावं. ब्रेक, इंधन, इंजिन, दिवे. बहिणीच्या मनात एवढ्यातही कौतुक दाटून आलं, खोटं कशाला सांगा. मग त्याने इंजिनचे फेरे वाढवले आणि किल्ली फिरवली.

"ऐंशी," तो म्हणाला. किल्ली परत आणली, दुसऱ्या बाजूला नेली. "ऐंशी."

"काटा कुठे होता?" ताईने विचारलं.

तो म्हणाला, कुठे म्हणजे, खाली आला की. ती म्हणाली, परत कर. त्याने परत केलं, या वेळी हळू. उजवा. काटा जागच्या जागी. डावा. काटा जागच्या जागी. त्याने किल्ली दोन-तीनदा इकडे तिकडे केली, तबकडीच्या काचेवर बोटाने टिचकी मारली, आणि मग बहिणीकडे बघून म्हणाला, "पेटी बिघडलीय."

"पेटी गालिचा टाकला तेव्हापासून बिघडलीय. तू कधीपासून बिघडलास?"

तो गोरामोरा झाला. आणि गोरामोरा झालेला माणूस आधी चिडतो, तसा तो चिडला. सगळेच असं म्हणतात, म्हणाला. पेटीत ऐंशीशिवाय दुसरं कधी काही आलंय का? जे बदलतच नाही ते रोज डोळे फाडून काय बघायचं? खऱ्या विमानात मी बघेन, तिथे शेजारी सर असतात, ते बघतात. ताईने विचारलं, परवा शेजारी कोण आहे? मग आवाज उतरवून त्याने तेच सुचवलं जे दुपारभर तिच्या मनात घोळत होतं. एक स्क्रू तर आहे. काढून टाक. मी तुझ्यासमोर नीट बघून दहादा करतो. माझं मला कळलं, झालं ना? बाकीच्यांचं आपल्याला काय?

"विमानातून उतरल्यावर मामा तुला काय विचारतो?"

"किती."

"आणि तू?"

"ऐंशी," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःचंच ऐकू आलं.

खोलीत खोटं इंजिन गुरगुरत होतं. ताईने हात लांब करून ते बंद केलं. ती त्याला म्हणाली, की मी सरांना उद्या सकाळी सांगणार आहे. कुणाचं नाव घेणार नाही. पण गालिच्यानंतर ज्यांची ज्यांची तपासणी झाली, त्या सगळ्यांची परत होणार, आणि परवाचं उड्डाण राहणार. तो उठला, दाराशी गेला, बूट घालायचं सोडून हातात घेतले आणि नव्या मोज्यांनीच धूळ तुडवत निघून गेला.

रात्रीच्या जेवणाला मामा त्यांच्याकडेच असायचा. त्याला कशाचा पत्ता नव्हता. त्याने पिशवीतून एक नवंकोरं पिवळं फडकं काढून दाखवलं, अजून घडी न मोडलेलं. हे खास ठेवलंय, म्हणाला, आपला गडी एकटा उडून खाली आला की त्या दिवशी पंखा जुन्या चिंध्यांनी नाही पुसायचा. आई हसली. म्हणाली, फडक्याचाही मुहूर्त असतो हे आजच कळलं. धाकटा ताटात बघत भाताचा ढीग इकडून तिकडे करत राहिला. मामा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, भूक मेलीय ना, मरणारच, मी पहिल्यांदा विमानाला हात लावला त्या दिवशी मलाही घास गेला नव्हता. ताईने ताट बाजूला सरकवलं. आई या पोराकडून त्या पोरीकडे बघत होती, पण आमटी वाढण्याखेरीज तिने काही केलं नाही. आया कधी विचारायचं आणि कधी वाढायचं हे बरोबर ओळखतात.

सकाळी मोठे सर आले तेव्हा ताई पेटीच्या दाराशी उभी होती. मोठे सर भला माणूस. आवाज करडा, मिशा करड्या, पण मन लोण्याचं. एका कानाला फोन लावून कुणाशी तरी कारखान्याच्या तारखेबद्दल बोलत होते. ताईने रात्रभर वाक्यं जुळवली होती, सर, अमुक झालंय, तमुक झालंय. ऐनवेळी त्यातलं एकही तोंडात येईना. ती एवढंच म्हणाली, की सर, जरा बसून इग्निशनची तपासणी करून बघता का? त्यांनी मानेने हो म्हटलं, बूट काढले, फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबला, बसले. इतक्या वर्षांचा हात तो. फेरे वाढवले, किल्ली फिरवली.

"ऐंशी," सर म्हणाले. "ऐंशी." आणि फोनवर म्हणाले, नाही, तुम्हाला नाही. मग ताईकडे वळून, ठीक आहे की, काय झालंय?

ताईच्या अंगावर काटाच आला. तिने सगळं हिशेबात धरलं होतं, हे धरलं नव्हतं. तिला वाटलं होतं सर बघतील, भडकतील, पोरांना फैलावर घेतील. आता पोरांना घेणार कोण? ती हळूच म्हणाली, "सर, एकदा परत करा. काही न बोलता."

सरांनी तिच्याकडे बघितलं. फोन बंद करून खिशात टाकला. चष्मा नाकावर नीट बसवला आणि किल्ली फिरवली. परत फिरवली. तिसऱ्यांदा फिरवताना त्यांचा हात मंद झाला. काटा कुठे जाणार होता? तो तिथेच होता. सर बराच वेळ त्या तबकडीकडे बघत बसले, आरशात बघावं तसे. मग त्यांनी विचारलं, कधीपासून? ताईने स्क्रू दाखवला, गालिचा दाखवला. सर म्हणाले, या टेबलाशी बसून मी सगळ्यांना पास केलंय. ऐकून. वर मान करून बघितलं नाही.

दारातून आवाज आला. "सर, मीही न बघता म्हटलं होतं."

धाकटा कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. बूट त्याच्या हातातच होते. त्याने सांगितलं, की उद्याचं माझं उड्डाण रद्द करा, माझी तपासणी झालेलीच नाही. सरांनी विचारलं, एकट्या तुझीच? तो म्हणाला, मी माझं सांगतोय. ताईने मान खाली घातली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि टेस्टरताईच्या डोळ्यांत पाणी ही काही पोरांनी बघायची गोष्ट नव्हे.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. गालिच्यानंतरच्या सगळ्यांची तपासणी परत लागली. विमान ठरल्याप्रमाणे कारखान्यात गेलं आणि ज्यांचं उडायचं राहिलं ते हात चोळत बसले. काही पोरांनी धाकट्याशी बोलणं टाकलं. ज्याने खाल्लं त्याने ढेकर द्यावा, आम्हाला कशाला उठवलं पंगतीतून, असं एकाने तोंडावर ऐकवलं. ताईशी बोलणं टाकण्याची हिंमत कुणाची नव्हती, पण नमस्कार आखूड झाले. सरांनी मात्र एक काम केलं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला बोलावून त्या ऐंशीची उचलबांगडी केली. आता पेटीत कधी साठ येई, कधी एकशे वीस, आणि सरांना लहर आली तर काहीच येत नसे. पहिल्याच आठवड्यात दोघातिघांनी सवयीने ऐंशी म्हटलं आणि सरांनी त्यांना इंजिन बंद करून बाहेर काढलं. एकदा परीक्षेला बसले स्वतः सर, टेबलाशी ताई. ते नापास झाले नाहीत, पण घामाघूम झाले.

धाकटा टिकला. भिंतीकडे तोंड करून झोपला नाही. उलट रोज पेटीत जाऊन बसायचा आणि ताईला सांगायचा, आज काहीतरी बिघडवून ठेव, मला सांगू नकोस. ताई बिघडवायची. कधी त्याला सापडायचं, कधी नाही, आणि नाही सापडलं की घरी येईपर्यंत दोघांची जुंपलेली असायची.

मामाला मात्र यातलं कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसं? "तू हात घालायचास तेव्हा आम्ही बघितलेलं नसायचं," हे वाक्य कुठून सुरू करायचं, हेच कुणाला कळत नव्हतं. विमान कारखान्यात म्हणून उड्डाण लांबलं, एवढंच त्याला ठाऊक. पिवळं फडकं त्याने परत घडीवर घडी घालून ठेवलं होतं.

विमान परत आलं आणि एका शांत सकाळी धाकटा एकटा उडाला. वारा नव्हता. ताई कुंपणाशी उभी होती, शेजारी सर, पलीकडे बाकीची पोरं. एक घिरटी घालून विमान खाली आलं, चाकं टेकताना जरा उडालं, परत टेकलं, आणि गुमान चालत जागेवर येऊन उभं राहिलं. इंजिन मंद झालं. बंद व्हायच्या आधी एकदा क्षणभर अडखळलं आणि परत लागलं. हे धाकट्याने मुद्दाम केलं होतं. किल्ली निमिषभर बंदवर नेऊन बघायची, की इंजिन खरोखर गप्प होतं का. मग इंधन तुटलं, पंखा थांबला.

मामा फडकं भिजवून तयारच होता. ठोकळे लावून तो पंख्याशी गेला, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. हात उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "किती?"

"थांब, मामा," म्हणत धाकटा खाली उतरला. त्याच्या हातात किल्ली होती. "उजवा सत्तर, डावा एकशे दहा. आणि बंद केल्यावर दोन्ही गप्प झाले. बघून सांगतोय."

मामाला काही उमजलं नाही. त्याचा हात हवेतच राहिला. "ऐंशी नाही?"

"नाही. आधीही नव्हतं, मामा. मी न बघताच म्हणायचो."

मामाने त्याच्याकडे बघितलं. मग कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरांकडे बघितलं. एकेकाचा चेहरा त्याने न्याहाळला, आणि एकानेही नजर वर केली नाही. सरांनीही नाही. मामा शिकलेला नसेल, पण त्याला नजरा वाचता येत होत्या. त्याने आपला उचललेला हात खाली घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिला, बोटं जागेवर आहेत का ते मोजावं तसा.

"आणि मी ऐंशी ऐकून हात घालायचो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं.

मग त्याने ते पिवळं फडकं धाकट्यापुढे धरलं. "आज तूच पूस."

धाकट्याने फडकं घेतलं. हातातली किल्ली मामाच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. वरचं पातं त्याने बुडापासून टोकापर्यंत पुसलं, एकेक किडा नखाने खरवडून काढला. मग तो मागे सरकला, जणू काम झालं.

"खालचं राहिलं," मामा म्हणाला.

खालचं पातं वर आणायचं तर पंखा हाताने फिरवावा लागतो. धाकट्याने एकदा मामाच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. कुंपणाशी ताईने तारेला घट्ट धरलं होतं. तिला सगळं माहीत होतं, आकडे तिने ऐकले होते, इंजिन अडखळलेलं कानांनी ऐकलं होतं, तरी धरलं होतं. धाकट्याने पात्याला दोन्ही हात लावले, श्वास घेतला आणि पंखा अर्धा फिरवला. इंजिन गप्प राहिलं. तो खालचं पातं पुसायला लागला, आणि मामा किल्ली मुठीत धरून त्याच्या शेजारी उभा राहिला.